पाचशे त्रेसष्टाव्या पानावरचा शब्द

मी एक जुना शब्द आहे. मी लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही, मला चाकं नाहीत आणि शेपूटही नाही. चार इंग्रजी अक्षरं आणि थोडी काळी शाई, एवढाच माझा देह. माझं नाव नाइस. 'हात्तिच्या, हा तर आमच्या ओळखीचा!' असं म्हणालात ना? तेच तर माझं दुखणं आहे, मित्रांनो. ओळख सगळ्यांची, पण घरची चौकशी कुणी करत नाही. आज मात्र मी माझी हकिगत सांगणार आहे आणि ती पुरी केल्याशिवाय गप्प बसणार नाही. मी हट्टी आहे. हट्टी नसतो तर केव्हाच मेलो असतो. माझ्या बरोबरीचे कितीतरी शब्द मेले.

माझा जन्म फार दूर झाला, रोमकडे, लॅटिन नावाच्या भाषेत. तिथे मला नेस्कियुस म्हणत. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. ज्याला काही ठाऊक नाही तो नेस्कियुस. आपल्या सरळ मराठीत सांगायचं तर अडाणी. हसा, हसा. आज ज्या शब्दाने तुम्ही आंब्याची, सदऱ्याची आणि नव्या सायकलीची तारीफ करता, तो शब्द जन्माला आला तेव्हा कुणालाही नको होता.

पुढे मी फ्रान्सात गेलो. वाटेत लोकांच्या तोंडात झिजून झिजून माझं नाव आखूड झालं. तिथे माझा अर्थ झाला खुळा. मग खाडी ओलांडून इंग्लंडात आलो, त्याला साडेसहाशे वर्षं होऊन गेली. तिथे तर कहरच. कुणी मूर्खासारखा वागला की लाव त्याला माझं नाव! मग काही काळ माझा अर्थ भित्रा असा होता. मग ज्याला ताटातली कोणतीच भाजी पसंत पडत नाही, अशा चोखंदळ माणसाला मला चिकटवू लागले. त्यानंतर नाजूक. त्यानंतर, आणि हे मला फार आवडलं, बारीक कामातला अचूक. सोनाराच्या काट्यासारखा. आणि शेवटी, दोनशे वर्षांपूर्वी केव्हातरी, मी झालो छान. त्याच्याही नंतर प्रेमळ.

हे कुणी हुकूम काढून केलं नाही. लोक मला वापरत गेले, मी त्यांच्या कामाला येत गेलो आणि अर्थाला अर्थ लागत गेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव भरपूर सोसले. देवपण मात्र चार दिवस टिकलं, कारण मग मी जिकडेतिकडे झालो. हवा नाइस, चहा नाइस, शेजाऱ्याचा कुत्रा नाइस. अतिपरिचयात अवज्ञा, दुसरं काय!

आता माझ्या जळगावच्या घराकडे येतो. मी एका जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोशात छापला गेलो. नऊशे साठ पानं, पाचशे त्रेसष्टावं पान माझं. प्रत्येक शब्दाखाली त्याचा उच्चार, त्याचे अर्थ आणि बारीक टायपात त्याची जन्मकथा, सगळं मराठीत. भुसावळच्या रेल्वेतला एक गोरा साहेब हा कोश बाळगून होता. सत्तेचाळीस साली तो आपल्या मुलखाला परत निघाला आणि जड सामान नको म्हणून त्याने कोश जळगावच्या एका हायस्कुलाला देऊन टाकला. अशा रीतीने देश स्वतंत्र झाला आणि मी शाळेत गेलो.

त्या शाळेत मोतीलाल मास्तर इंग्रजी शिकवत. उंच, ताठ, काळी टोपी, आणि खिशात लाल शाईचं पेन. माणूस वाईट नव्हता हो. मुलांना इंग्रजी यावं म्हणून घसा फुटेस्तोवर शिकवायचा. पण मी त्यांचा शत्रू. दर जूनमध्ये पहिल्या तासाला ते बजावत, 'निबंधात जो नाइस लिहील तो बाकावर उभा राहील!' आणि खोटं कशाला बोलू, मुलांचंही थोडं चुकायचंच. गायीवरचा निबंध घ्या. गाय नाइस, गायीचं दूध नाइस, वासरू नाइस आणि शेणसुद्धा नाइस! मास्तर एकेक वही ओढत आणि मला खोडत. कोश शाळेत यायच्या कितीतरी आधीपासून, वीस वर्षं खोडलं त्यांनी मला. नावडतीचं मीठ अळणी. त्या लाल रेघेखाली मी गुदमरायचो, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोरगं मला परत लिहायचंच.

कोशाकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. मास्तर म्हणत, 'मला सगळं पाठ आहे.' मुलांचा हात फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोचायचा नाही. उंदरांचा पोचला. त्यांनी आमची खालची कड कुरतडून टाकली आणि आतली शिवण कुजून गेली. एक दिवस हिलाल शिपाई फडताळ झाडत होता, त्याचा धक्का लागला आणि आम्ही धाडकन खाली आलो. पानं सोळा-सोळाच्या घड्यांनी सुटली. अशा एका घडीला जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे, 'जुज' म्हणतात. साठ जुजं फरशीवर पसरली. हिलाल दोंडाईच्याकडचा, अहिराणी बोलणारा, मनाने फार हळवा. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा, हाई काय व्हयनं!" मास्तरांनी आम्हाला एका पोत्यात भरायला लावलं आणि जिल्दसाजाकडे पाठवून दिलं. ही गोष्ट त्रेपन्न सालच्या पावसाळ्यानंतरची.

जिल्दसाजाचं नाव हनीफ. मेहरूणच्या वाटेवर त्याचं घर आणि घराच्या ओसरीवरच दुकान. त्याचा हात म्हणजे काय सांगू! खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही, दोऱ्याला मेण लावायचा, आणि पुठ्ठ्याचा कोपरा असा मारायचा की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. त्याचे वडील आणि आजोबा कुराणशरीफ आणि उर्दू पुस्तकं बांधत आले होते. शाळेची मराठी पुस्तकंही हनीफकडे यायची, पण ती जुन्या दोऱ्यात धरलेली असायची. पानांचा क्रम लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याला वाचता यायचं ते उर्दू, आणि आकडे.

आणि इथेच घात झाला, मित्रांनो. उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं. त्याची पाठ, म्हणजे शिवण्याची बाजू, उजव्या हाताला असते. हनीफने पोतं रिकामं केलं, सवयीने प्रत्येक जुजाची घडी उजवीकडे केली आणि वर दिसणारा आकडा पाहिला. सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. चढता क्रम लागला. झालं! आमची पानं डावीकडून सुरू होतात हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने एकावर एक जुजं रचली, मन लावून शिवली, उंदरांनी कुरतडलेली खालची कड सफाईने छाटली, आणि त्या छाटणीत पानांचे आकडेही गेले. वर लाल कापडाची जिल्द. दिसायला नवरदेव आणि आतून सगळा गोंधळ! सोळा पानं सुलट जायची, मग एकदम मागे उडी.

मास्तरांनी भर वर्गात कोश उघडला. पहिल्या पानावर ए चे शब्द हवेत, तिथे निघाला शेवटच्या जुजातला वुल्फ, म्हणजे लांडगा. मुलं हसू लागली. दारात उभा असलेला हिलाल पुढे येऊन पाहू लागला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, बठ्ठं पुस्तक उलटं शे!"

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी हनीफला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. बेचाळीस मुलांसमोर म्हणाले, "अरे हनीफ, पुस्तक कुठून सुरू होतं एवढंही कळत नाही तुला? अडाण्याच्या हाती विद्या दिली की तिची ही दशा होते. दिवाळीची सुट्टी संपली की ग्रंथालयाची तीनशे पुस्तकं बांधायला काढायची आहेत. तोवर हे सुलट करून आण. नाही आणलंस, तर सगळी पुस्तकं धुळ्याच्या जिल्दसाजाकडे जातील, आणि या शाळेचं एक पानही तुझ्या ओसरीवर यायचं नाही."

हनीफने कोश उचलून काखेत धरला. मुलांमधून कुणीतरी हळूच म्हणालं, 'अडाणी!' ते त्याने ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या जन्माचं नाव होतं ते, मला नाही ऐकू येणार तर कुणाला?

घरी येताच त्याने सुरी घेतली, सगळे दोरे कापले आणि साठ जुजं ओसरीवर भिरकावून दिली. तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने सुई, मेण आणि दोरा डब्यात भरला आणि डबा छपराच्या वाशाला टांगला.

त्याची बायको सितारा आतून धावत आली. ते घरात बोलत ती बोली वेगळी. तुमच्या सोयीसाठी मी मराठीत सांगतो, शब्द म्हटल्यावर एवढं मला जमतंच.

"अजी, हे काय केलंत?" सितारा म्हणाली.

"उद्यापासून जिनिंगमध्ये जाणार. कापसाच्या गासड्या उचलायला वाचता यावं लागत नाही."

"आणि हे काम? अब्बांनी तुमच्या हातात दिलेलं?"

"पुस्तकाचं काम शिकलेल्यांनी करावं," हनीफ म्हणाला. "मी अडाणी आहे. बेचाळीस पोरांनी ऐकलंय."

खरोखरच दुसऱ्या दिवशी तो जिनिंग कारखान्यात गेला. सितारा उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत राहिली. तिची चार यत्ता उर्दू झाली होती. मराठी ती शेजारणीच्या मुलींच्या पाट्यांवरून शिकलेली, बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचायची. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिने दोन जुजं उचलली, आकडे शोधले. आकडे असणार कुठे? ते छाटणीतच गेले होते. आता क्रम कळायला एकच वाट उरली होती, आमची अक्षरं ओळखण्याची. सुट्टी संपायला वीस दिवस, आणि साठ जुजं. बाई उठली, पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाली, "पुस्तक माणसानेच केलंय ना? मग माणसाला लावताही येईल." मला वाटलं, हिचं आणि माझं जमणार!

तिसऱ्या दिवशी सकाळी हिलाल आला. मान खाली घालून अंगणात उभा राहिला. "भाभी, मन्हीच चूक शे. पुस्तक मीच पाडं. आनि वर्गमा बोली गयू ते येगळंच."

"झालं ते झालं, हिलालभाऊ. तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"माले मराठीबी येत नही!" हिलाल म्हणाला आणि मग थबकला. "पन भाभी, मन्ही कपाटं पाठ शेतस."

कपाटं पाठ! शाळेच्या ग्रंथालयात ए पासून झेड पर्यंत सव्वीस खणांची कपाटं होती आणि प्रत्येक खणावर मोठं अक्षर रंगवलेलं होतं. हिलाल आठ वर्षं ते खण त्याच क्रमाने पुसत होता. त्याला अक्षरांची नावं ऐकून ठाऊक होती, आकार डोळ्यांना ठाऊक होते आणि क्रम तर हातालाच ठाऊक होता. त्याने अंगणातल्या मातीत काडीने रेघा ओढायला सुरुवात केली. "हाई ए, शिडीनी गत. तेना बाजूले बी, तेले दोन पोटे. मंग सी, चंद्रनी कोर." वाचता न येणारा शिपाई त्या अंगणात पंतोजी झाला. मी आजवर मोठमोठ्या विद्वानांच्या टेबलांवर राहिलो आहे, पण असा वर्ग पाहिला नव्हता.

चार सकाळी तो आला. पाचव्या सकाळी सितारा सव्वीस अक्षरं घडाघडा म्हणू लागली. मग तिने जुजांचे ढीग घातले, ए चा ढीग, बी चा ढीग. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर हातोडी, एकावर इस्त्री, एकावर मिरच्या वाटायचा वरवंटा. ढीग लागले खरे, पण ढिगाच्या आतली रांग लावताना गाडं अडलं. एकट्या एस ची सात जुजं! सगळ्यांचं पहिलं अक्षर सारखंच. त्यात कोणतं आधी, कोणतं नंतर? हिलालच्या कपाटात हे उत्तर नव्हतं. दोन दिवस सितारा त्या सात जुजांभोवती फिरत राहिली. भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओरडलीच, "या अल्लाह! दुसरं अक्षर! पहिलं सारखं असेल तर दुसऱ्याची रांग, दुसरंही सारखं असेल तर तिसऱ्याची!" कुणी सांगितलं नव्हतं तिला. स्वतः शोधलं. मला नाचावंसं वाटलं, पण छापील शब्दाला पाय कुठले?

असं करत करत ती एन च्या जुजांशी आली. क्रम बरोबर आहे ना हे ताडून बघताना तिचं बोट माझ्यावर येऊन थांबलं. खालच्या मराठी ओळीत तिला एक ओळखीचा शब्द दिसला होता. ती अडखळत वाचू लागली. 'मूळ अर्थ, अजाण, अडाणी.' पुढे वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग ते जुज तिने इतरांत ठेवलंच नाही, पदराखाली धरून ती नवऱ्याची वाट पाहत बसली.

हनीफ दिवस मावळायच्या आत आला. केसांत कापूस, खांदे सोललेले. ओसरीवर नीट रचलेली साठ जुजं त्याला दिसली. त्याने तोंड फिरवलं.

"लावली मी," सितारा म्हणाली. "ए पासून झेड पर्यंत. आता शिवायची तेवढी राहिली."

"मला सांगू नकोस. मी ते काम सोडलं."

"सोडा. पण एक गोष्ट ऐकून सोडा." तिने जुज त्याच्यापुढे धरलं. "हा शब्द बघा. नाइस. स्टेशनावर साहेब लोक म्हणायचे ना, तोच. म्हणजे छान. आणि याचा पहिला अर्थ काय होता ठाऊक आहे? अडाणी."

"थट्टा करतेस माझी?"

"पुस्तकाची शपथ! छापलंय इथे. आधी अडाणी. मग खुळा, मग मूर्ख, मग भित्रा. मग हे बघा, बारीक कामातला अचूक. आणि मग छान."

हनीफ खाली बसला. त्याने ओंजळ पुढे केली आणि सिताराने ते जुज त्याच्या हातात दिलं. ती अक्षरं वाचता येत नव्हती तरी तो माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याच्या अंगठ्याला कापसाची सरकी चिकटली होती. मला त्याची फार माया आली.

"मग याचा अर्थ बदलला कुणी?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. हा कामाला येत राहिला. अडाणी म्हटलं म्हणून रुसून वाशाला टांगून बसला असता, तर इथपर्यंत आला असता का?"

हनीफला हसू आलं. हसता हसता तो रडलाही. "तुझी जीभ म्हणजे माझ्या सुरीहून धारदार आहे," तो म्हणाला, आणि उठून त्याने वाशावरचा डबा खाली काढला.

सुट्टीचे पाच दिवस उरले होते. हनीफ जिनिंगला गेला नाही. सितारा एकेक जुज पुढे करून अक्षर सांगायची आणि तो घडी डावीकडे करून शिवायचा. त्याच्या हाताला उजवीकडची सवय, पिढ्यान्‌पिढ्यांची. हात पुन्हा पुन्हा उजवीकडे वळायचा. प्रत्येक जुजाला तो स्वतःशी पुटपुटायचा, 'डावीकडे, हनीफमियाँ, डावीकडे.' साठ वेळा पुटपुटला. सुई माझ्या घडीतून गेली तेव्हा मला किंचित टोचलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी हे दोघं कोश घेऊन निघाले. हनीफने धुतलेला सदरा घातला होता. शाळेच्या व्हरांड्यात पाहतात तर पुस्तकांच्या पेट्या बांधून तयार! हनीफ आता येत नाही, असं मास्तरांनी धरूनच टाकलं होतं. हिलाल रडवेल्या तोंडाने एक पेटी हातगाडीवर चढवत होता. गाडी एस.टी.च्या स्टँडवर जायची होती, आणि तिथून धुळ्याला.

मोतीलाल मास्तर बाहेर आले. मागे मुलंही आली. मास्तरांनी कोश घेतला, उघडला. पहिल्या पानावर ए. मध्ये एम. शेवटी झेड. त्यांनी चार-पाच ठिकाणी पानं चाळली आणि त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

"क्रम कुणी लावून दिला?"

"माझ्या बायकोने," हनीफ म्हणाला.

मास्तरांनी सिताराकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसेना. "असं? मग पानं चाळून 'एलिफंट' काढून दाखव बरं."

सिताराने ई काढला, एल पाशी गेली, बोट ठेवलं. "मंडे," मास्तर म्हणाले. तिने तेही काढलं. तिसरा शब्द सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "मास्तरसाहेब, आता एक शब्द मी सांगते. तो तुम्ही काढा."

मास्तरांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"कोणता?"

"नाइस."

मुलांमध्ये खसखस पिकली. मास्तर म्हणाले, "त्यात काय बघायचं? वीस वर्षं शिकवतोय मी!" तरी त्यांनी पान काढलं. आणि मित्रांनो, वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मला नीट पाहिलं. हजारो वेळा मला खोडलं होतं, एकदाही उघडून वाचलं नव्हतं. त्यांचे डोळे बारीक टायपावरून सरकत गेले. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले. कानशिलं लाल झाली.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला हे ठाऊक नव्हतं."

"माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, मास्तरसाहेब," सितारा म्हणाली. "तुमची पुस्तकं डावीकडून सुरू होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. एवढंच."

मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी त्यांची दया आली. चाळीसेक पोरांसमोर चूक कबूल करायची म्हणजे छातीला कसं वाटत असेल, ते हनीफला पुसा. शेवटी त्यांनी कोश मिटला, तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हणाले, "हिलाल, पेट्या धुळ्याला जायच्या नाहीत. हनीफभाई, त्या दिवशी मी जे बोललो ते या मुलांसमोर बोललो होतो, म्हणून यांच्यासमोरच सांगतो. मी चुकलो. पुस्तकं तुमच्याकडे न्या."

हनीफ पेटीला हात लावायला धावला. हिलालने एवढ्या आनंदाने हातगाडी फिरवली की वरची पेटी पडता पडता राहिली, आणि सितारा ओरडली, "हिलालभाऊ, सांभाळून! पुन्हा साठ जुजं लावायची ताकद नाही माझ्यात!"

ती तीनशे पुस्तकं त्या वर्षी मेहरूणच्या वाटेवरच्या ओसरीवर बांधली गेली. पुढची सहा वर्षंही शाळेचं प्रत्येक पुस्तक तिथेच गेलं. क्रम सितारा बघायची, शिवण हनीफची. मास्तरांनी मला खोडणं बंद केलं का? छे! गायीचं शेण नाइस लिहिलं की लाल रेघ अजून पडतेच, आणि पडायलाच हवी. पण आता रेघ मारून ते मुलाला कोशाकडे पाठवतात. माझ्या पानाची कड बोटं लागून लागून काळी झाली आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता साठ साल उजाडलं आहे. शाळेत नवा, चकचकीत कोश आला आहे आणि आम्ही खालच्या कप्प्यात गेलो आहोत. म्हणून जाता जाता तुम्हाला विनवून सांगतो. पुस्तक फाटलं तर रद्दीत देऊ नका, शिवून घ्या. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. शब्द कसाही वापरण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. आणि एखाद्या माणसाला अडाणी म्हणायला जीभ वळवळली, तर ती दाताखाली धरा. तो शब्द चिकटवायला एक क्षण पुरतो. माझ्या अंगावरून तो निघायला पाचशे वर्षं लागली, मित्रांनो. माणसाला एवढं आयुष्य नसतं.